पिल्लू द्यायचे, पण कुणाच्या हाती?

(प्रौढ साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



आजचा विषय तुम्हाला लहान वाटेल. विषय आहे कुत्र्याच्या पिल्लाचा. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, आमचं आम्हाला पुरत नाही, आणि तुम्ही पिल्लाचं काय घेऊन बसलात?" म्हणणे खरे आहे. पण थोडे ऐका. हा विषय जितका पिल्लाचा, तितकाच आपल्या पोराबाळांचा आहे. तो कसा, ते आम्ही पुढे सांगणार आहोत.

कुत्रा आपल्या पाड्याचा राखणदार. तो शेत राखतो, कोंबड्या राखतो, शेळ्यांमागे रानात जातो. रात्री परका माणूस आला की घरात सर्वांच्या आधी त्याला कळते. शिळ्या भाकरीच्या तुकड्यावर एवढी चाकरी दुसरे कोण करील?

आता एक हिशेब करू. पाटी-पेन्सिल नको, बोटांवर होईल. गावातल्या पुष्कळ कुत्र्या भाद्रपदाच्या सुमाराला माजावर येतात. कुत्री सुमारे ६३ दिवस गाभण असते. म्हणजे दोन महिने. भाद्रपदात दोन महिने मिळवा. कार्तिक आला. कार्तिकात पिल्ले होतात. आणि कार्तिकात आपल्या नंदुरबार जिल्ह्यात दुसरे काय होते? दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते. धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या भागांतली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. गाडीत भांडी चढतात, गोधड्या चढतात, कोयते चढतात, पोरे चढतात. कुत्रीला मात्र जागा नसते. दाराला कुलूप लागते, आणि ओसरीवर चार-पाच पिल्ले डोळे मिटून पडलेली असतात.

हे खेड्यातच होते असे नाही. नंदुरबार, शहादा अशा शहरांत कुणाची बदली होते. कुणाचा घरमालक कुत्रा ठेवू देत नाही. कुणाच्या घरी आजारपण येते. मोठ्या हौसेने आणलेले पिल्लू मग जड वाटू लागते.

घर सोडावे लागणे हा काही गुन्हा नाही. पोटासाठी जावेच लागते. सरदार सरोवराच्या पाण्यामुळे आपल्या धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या गावांना नर्मदेचा काठ सोडावा लागला. आपले ठिकाण सुटणे म्हणजे काय, हे या जिल्ह्याच्या माणसाला शिकवायला नको. पण ध्यानात घ्या, टाकणे वेगळे आणि सोपवणे वेगळे. टाकणाऱ्याला मागचे बघायचे नसते. सोपवणारा पुढचे बघून मगच हात सोडतो.

काही लोक काय करतात? पिल्लू पोत्यात घालतात आणि बाजाराच्या गावी सोडून येतात. कुणी एस.टी. स्टँडजवळ सोडतो, कुणी रानाच्या कडेला. वर म्हणतात, "जगेल आपल्या नशिबानं." नशिबाचे नाव घ्यायला सोपे आहे. पण पिल्लाचे डोळेच मुळी दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. तीन आठवडे तरी ते आईच्या दुधावरच असते. त्याला आपल्या अंगाची ऊब धरता येत नाही. आईच्या पोटाशी होते म्हणून ते जगले. तिथून काढले की एक थंडीची रात्र पुरे होते. उघडे पिल्लू बिबट्याला तर आयते भक्ष्य. एकदा वस्तीजवळ शिकार मिळाली की तो पुन्हा पुन्हा तिकडे येऊ लागतो. मग धोका कुणाला? अंगणात खेळणाऱ्या मुलांना.

बरे, समजा पिल्लू जगले. मग ते कुणाचेच नसते. त्याला लस कोण टोचणार? ते मोठे होते, पिसाळलेला कुत्रा त्याला चावतो, आणि ते आपल्या पोराला चावते. पिसाळी रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, असेच समजा. मोठ्या डॉक्टरांचाही तिथे इलाज चालत नाही. पण लक्षणे दिसण्याआधी लस घेतली तर माणूस वाचतो. १८८५ साली फ्रान्स देशात लुई पाश्चर या शास्त्रज्ञांनी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला अशी लस दिली. त्याला पिसाळलेला कुत्रा चावला होता. मुलगा वाचला. म्हणून कुत्रा चावला की जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि लगेच सरकारी दवाखाना गाठायचा. हळद नको, मिरची नको, चुना नको. मंत्र-तंत्रात दिवस घालवायचा नाही. डॉक्टर सांगतील त्या सगळ्या तारखांना सुई घ्यायची. एकही चुकवायची नाही.

आता मुख्य गोष्ट. पिल्लू ठेवणे जमतच नसेल तर काय करावे?

पहिले काम, घरातच पाहावे. सगळे घर ऊसतोडीला जात नाही. पुष्कळदा म्हातारे आई-बाप मागे राहतात. नाहीतर शेजारी असतो. त्याला म्हणावे, "आबा, कुत्री आणि पिल्लं तुमच्या ओसरीला राहू द्या. त्यांच्या वाट्याची ज्वारी मी ठेवून जातो." नुसते 'लक्ष ठेवा' म्हणून जाऊ नये. शेजाऱ्यालाही आपले पोट आहे. ज्वारी दिली की शब्दाला वजन येते. आणि आई व पिल्ले यांची ताटातूट करू नये. दोघांना एकाच ठिकाणी ठेवावे.

दुसरे काम, वेळ पाहावी. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. आईजवळ आणि भावंडांत ते खायला शिकते, खेळायला शिकते. किती जोरात चावले की दुसऱ्याला दुखते, हेही तिथेच शिकते. फार लवकर तोडलेले पिल्लू पुढे भित्रे किंवा चावरे होण्याची भीती असते. कार्तिकातले पिल्लू पौषात द्यावे. मागे राहिलेल्या माणसाला हे नीट सांगून जावे.

तिसरे काम, माणूस पाहावा. आपल्या शहादा तालुक्यात तापीच्या काठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. घोडा घेणारा त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चाल पाहतो. पिल्लाच्या बाबतीत उलटे करावे. देणाऱ्याने घेणाऱ्याला पारखावे. लाजू नये. सरळ विचारावे:

"दादा, दिवसा घरी कोण असतं?"

"दिवाळीनंतर तुम्हीही बाहेरगावी जाता का?"

"घरच्या सगळ्यांना पिल्लू हवं आहे, की एकट्या पोराचा हट्ट आहे?"

"याआधी कुत्रा होता का? त्याचं काय झालं?"

या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात माणूस कळतो. "एक मेला, दुसरा पळाला, तिसरा कुठं गेला माहीत नाही," असे कुणी हसत सांगितले तर त्याला चौथा देऊ नये. शक्य असेल तर त्याचे घर एकदा पाहून यावे. सावली आहे का, पाण्याचे भांडे ठेवता येईल का, एवढे पाहिले तरी पुरे. रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसाच्या हाती पिल्लू देऊ नये.

इथे मादी पिल्लाविषयी दोन शब्द. नर पिल्लू लोक मागून नेतात. मादी कुणी नेत नाही. टाकलेल्या पिल्लांत म्हणून माद्याच जास्त दिसतात. पण राखणीला मादी कमी नसते. पिल्ले नकोत ही अडचण असेल, तर त्यावर उपाय आहे. कुत्रीचे ऑपरेशन करता येते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे, ते कुठे होते ही माहिती मिळेल. पुढच्या भाद्रपदाच्या आधी हे काम झाले, तर पुढच्या कार्तिकात हा प्रश्नच उरणार नाही.

चौथे काम, पिल्लाबरोबर माहिती द्यावी. जन्म कधीचा, जंताचे औषध कधी दिले, लस कोणती टोचली, हे कागदावर लिहावे. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. त्या अक्षरांचा याहून चांगला उपयोग कोणता? जंताचे औषध लहानपणीच द्यावे लागते, कारण कुत्र्याचे जंत मुलांनाही होतात. पिसाळी रोगाची लस तीन महिन्यांचे झाले की टोचावी, आणि पुढची तारीख डॉक्टरांना विचारून त्याच कागदावर लिहावी. पिल्लू ज्या चिंधीवर झोपत होते ती चिंधीही द्यावी. ओळखीचा वास असला की नव्या घरी ते रात्री कमी रडते. खाण्याचेही सांगावे. नंदुरबारची मिरची नावाजलेली आहे. पण ती आपल्यासाठी. पिल्लाला तिखट रस्सा नको, कांदा नको, शिजवलेल्या कोंबडीची हाडे नकोत. हाडाची टोके आतड्यात रुततात. पाण्यात किंवा बिनतिखट वरणात कुस्करलेली मऊ भाकरी, कधी उकडलेले अंडे, आणि स्वच्छ पाणी द्यावे.

पाचवे काम, मागून खबर घ्यावी. पंधरा दिवसांनी फोन करावा, जवळ असेल तर जाऊन यावे. देतानाच सांगावे, "ताई, नाहीच जमलं तर रस्त्यावर सोडू नका, मला कळवा. आपण दुसरं घर पाहू."

कायद्याचेही ऐकून ठेवा. १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. उपाशी-तहानलेले राहून हाल होतील अशा ठिकाणी जनावर विनाकारण टाकून देणे, हा त्या कायद्याने गुन्हा आहे. दंडाची रक्कम अगदी थोडी आहे. पण गुन्हा तो गुन्हाच.

आणि कायदा नव्हता तेव्हाही आपल्या जाणत्यांनी हे ओळखले होते. महाभारतात धर्मराज स्वर्गाच्या दाराशी पोचला, तेव्हा त्याच्यामागे एक कुत्रा आला होता. इंद्र म्हणाला, कुत्र्याला सोड आणि आत ये. धर्मराज म्हणाला, आश्रयाला आलेल्याला मी सोडणार नाही. धर्मराजापुढे स्वर्ग होता, तरी तो थांबला. आपल्याला तर फक्त चार दिवस आधी विचार करायचा आहे आणि दोन-चार घरी विचारपूस करायची आहे.

तेव्हा बंधूभगिनींनो, यंदा गाडी यायच्या आधी ओसरीकडे एकदा बघा. पिल्ले असतील तर ती कुणाच्या हाती सोपवायची, ते आजच ठरवा. ज्यांना गावातच राहायचे आहे त्यांनी एखादे पिल्लू मागून घ्या. आणि ज्यांना जायचे आहे त्यांनी घराची किल्ली जशी भरवशाच्या माणसाकडे देता, तसेच पिल्लूही भरवशाच्याच हाती द्या.