धडा एक, वाटा अनेक

आपल्या गटात कुणी पासबुक घडाघडा वाचते, तर कुणाला व्याजाचा हिशेब नोटा मांडूनच कळतो. पण हिशेब सगळ्यांना कळायलाच हवा. शाळेचंही तसंच आहे.

वर्गात ऊसतोडीहून परतलेली मुलगी असते, घरी पावरी बोलणारा मुलगा असतो, कमी ऐकू येणारं लेकरू असतं. सगळ्यांना फळ्यावर एकाच पद्धतीनं वजाबाकी शिकवली की काही मागे पडतात, 'ढ' ठरतात. मुलगी असेल तर शाळा सुटते आणि लग्नाची घाई सुरू होते.

अशा वर्गाला कसं शिकवावं, याचा पुढचा अभ्यास शिक्षकांना बी.एड.नंतर एम.एड.मध्ये करता येतो. त्याचं सार सोपं आहे. आधी प्रत्येक मूल कुठे अडलंय ते पाहायचं. मग तीच वजाबाकी एकाला चिंचोक्यांनी, दुसऱ्याला काड्यांच्या जुड्यांनी, तिसऱ्याला बाजारहाटाच्या हिशेबानं शिकवायची. काही दिवसांनी पुन्हा तपासून मुलांचे गट बदलायचे. कायमचा 'कच्चा गट' ठेवायचा नाही.

यात आपलं काम काय? शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या महिला. मुलाची प्रगती पालकांना सांगणं हे शिक्षकांचं कर्तव्यही त्यातच लिहिलंय. म्हणून सभेत नुसती सही करून उठायचं नाही. विचारायचं, "गुरुजी, माझं मूल कुठे अडलंय? त्याच्यासाठी वेगळं काय करता?" आणि एखाद्या बाईंना, गुरुजींना पुढे शिकायचं असेल, तर समितीनं पाठीशी उभं राहायचं.