केस गळतात, कारण सापडत नाही, तेव्हा

मी बंगळुरूच्या महादेवपुऱ्यात राहते. माझं माहेर खामगाव, जिल्हा बुलढाणा. मी डॉक्टर नाही. माझे केस गळाले आणि त्याचं ठाम कारण आजपर्यंत सापडलेलं नाही, एवढ्याच अधिकारावर बोलतेय.

सुरुवात न्हाणीघराच्या जाळीपासून झाली. आठवड्यातून दोनदा पाणी तुंबायला लागलं. मग भांग रुंद दिसायला लागला. आमच्या सोसायटीत याचं उत्तर तयारच असतं : 'बोअरचं पाणी!' इथे बोअर आणि टँकरवर दिवस काढणाऱ्या इमारती पुष्कळ, त्यामुळे मलाही पटलं. शॉवरला फिल्टर लावला. गळणं तसंच राहिलं.

नंतर एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी साधी गोष्ट दाखवली. गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून आलाय. गाठ नसेल तर तो मधेच तुटलाय. जड पाण्याने केस राठ होतात, तुटतात. माझ्या केसांना गाठी होत्या. म्हणजे भांडण पाण्याशी नव्हतंच.

त्यांनी विचारलं, "दोन-तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?" डेंग्यू, कोविड, बाळंतपण, ऑपरेशन, झपाट्याने कमी केलेलं वजन, मोठा मानसिक धक्का यांचा परिणाम केसांवर लगेच दिसत नाही. केस विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. आपण मात्र कालच्या शाम्पूला दोष देतो. माझ्या बाबतीत तसं काही आठवेना. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, बी-१२, ड जीवनसत्त्व, सगळं ठीक आलं. नातेवाईक म्हणाले, "वा, रिपोर्ट नॉर्मल!" मला रडू आलं. आजाराचं नाव तरी हवं होतं.

त्या दिवसांत मी मामेबहिणीच्या लग्नाला गेले नाही. 'सुट्टी नाही' म्हणून सांगितलं. खोटं होतं ते.

मग जानेवारी २०२५मध्ये आईचा फोन आला. "काय वं, शेगावकडे लोकांचे केस चालले म्हणे. तुले बी तेच तं नाही झालं?"

शेगाव आणि आसपासच्या गावांत तीन-चार दिवसांत लोकांना टक्कल पडत होतं. बाया, पुरुष, लेकरं, कोणी सुटलं नाही. आधी संशय पाण्यावर, मग बुरशीवर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक गावांत आलं. पुढे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी आपल्या तपासणीवरून सांगितलं की रेशनच्या गव्हात सेलेनियम फार जास्त आहे. सेलेनियम शरीराला लागतं, पण कणभर. जास्त झालं की केस आणि नखं जातात. नंतर काहींची नखंही गळाली. बऱ्याच जणांचे केस मात्र परत आले.

मी इथल्या दुकानातलं पीठ खाते, माझा त्या गव्हाशी संबंध नाही. पण ती बातमी वाचून मी कपाट उघडलं. केसांसाठी घेतलेल्या तीन डब्या होत्या. दोन्हींत सेलेनियम, एकीत अ जीवनसत्त्वही. तेही अति झालं तर केस गळतात. तिसरी बायोटिनची. बायोटिनमुळे थायरॉइडच्या काही तपासण्या चुकीच्या येऊ शकतात, म्हणून रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगायचं असतं. मला ते कोणी विचारलं नव्हतं, मीही सांगितलं नव्हतं. गोळ्या थांबवून, डॉक्टरांना विचारून तपासणी पुन्हा केली. तीही नॉर्मल आली.

एका क्लिनिकने तर पहिल्याच भेटीत हजारो रुपयांचं पॅकेज समोर ठेवलं होतं, डोकं नीट न बघताच.

आता मी काय करते ते सांगते. केस मोजणं बंद केलं. दिवसाला ५० ते १०० केस सगळ्यांचेच गळतात. महिन्यातून एकदा त्याच खिडकीत, त्याच उजेडात भांगाचा फोटो काढते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, रोज आरशात बघून काय कळणार? डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल दिलंय. सुरुवातीला उलट जास्त गळू शकतात, हे त्यांनी आधीच सांगितलं म्हणून घाबरले नाही. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ते परस्पर लावू नका. रुपयाएवढी चाई पडली, टाळू दुखते, जळजळते, किंवा पाळीही बिघडली, तर थांबू नका, लगेच दाखवा.

आणि केस कापले. खांद्याच्याही वर. ऑफिसात एकीने विचारलं, तेव्हा खरं सांगितलं. ती म्हणाली, "माझेही." त्या मजल्यावर आम्ही चौघी निघालो. वर्षभर चौघीही कॅमेरा बंद ठेवून मीटिंगला बसत होतो.

यंदा दिवाळीत खामगावला गेले. मामेबहिणीला लग्नाला न येण्याचं खरं कारण सांगितलं. ती म्हणाली, "एवढ्यासाठी?" आणि बराच वेळ माझ्याशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं. केस गेले ते माझ्या हातात नव्हतं. लग्न मी घालवलं.

तुम्ही घालवू नका.