दिव्याच्या खांबाची परीक्षा

वैशाखात हैदराबादेत दिवसभर ऊन तापते आणि एखाद्या सायंकाळी अकस्मात वादळ सुटते. काचीगुडा किंवा सुलतान बाजारातून घरी परतणारा पादचारी अशा वेळी जुन्या झाडाखाली थांबत नाही. फांदी मोडून पडेल हे तो जाणतो. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाखाली मात्र तो निःशंकपणे उभा राहतो. खांब लोखंडाचा, नुकताच रंग दिलेला. वर दिवाही लखलखीत जळत असतो. परंतु दिवा जळतो म्हणून खांब शाबूत आहे, असे सिद्ध होत नाही.

भारतीय मानकाने हैदराबादसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, धरला आहे. या वेगाने एक चौरस मीटर जागेवर सुमारे ११८ किलोग्रॅम वजनाइतका दाब येतो. वेग दुप्पट झाल्यास दाब चौपट होतो. म्हणून खांबाला बांधलेला जाहिरातीचा फलक किंवा तारांचे भेंडोळे ही क्षुल्लक बाब नव्हे. भार जितक्या उंचीवर, तितका बुंध्यावरील ताण अधिक.

आणि नेमका हा बुंधाच सर्वांत आधी गंजतो. पावसाचे पाणी, ओली माती, कुत्र्यांचे मूत्र यांमुळे जमिनीलगतचा पत्रा बाहेरून झिजतो; पोकळीतील ओलाव्यामुळे तो आतूनही झिजतो. सर्व बाजूंनी पत्र्याची जाडी निम्मी झाली, की खांबाचे बळही जवळजवळ निम्मे होते. रंगाचा हात हे सारे झाकून टाकतो. २०१७-१८ च्या सुमारास शहरात जुन्या दिव्यांच्या जागी एलईडी दिवे आले. पण दिवा बदलल्याने त्याखालील खांबाचे वय कमी होत नाही.

परीक्षेच्या रीती अवघड नाहीत. प्रथम बुंध्याभोवतीची माती वीतभर उकरून गंज पाहावा, हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. ध्वनिलहरींच्या उपकरणाने, खांब न कापता, पत्र्याची जाडी मोजता येते. परदेशांत याहून निर्णायक अशी भारपरीक्षाही प्रचलित आहे. यंत्राने खांबावर टप्प्याटप्प्याने जोर देतात आणि तो किती वाकतो हे मोजतात. जोराच्या प्रमाणात वाकून, जोर काढताच खांब पूर्ववत झाला, तर तो सुदृढ. अल्प जोराने फार वाकला, किंवा वाकलेलाच राहिला, तर पत्रा खचला आहे अथवा पाया सैल झाला आहे, असे समजावे.

प्रत्येक खांबाला क्रमांक, त्याच्या उभारणीचे वर्ष, शेवटच्या परीक्षेची तारीख आणि निष्कर्ष एवढी नोंदवही प्रत्येक नगरपालिकेला ठेवता येण्यासारखी आहे. खांब कोसळल्यावर चौकशी होतेच. पण त्याखाली भाजीची पाटी घेऊन बसलेल्या बाईला किंवा बसची वाट पाहणाऱ्या शाळकरी मुलाला त्या चौकशीचा उपयोग नसतो. त्यांच्यासाठी परीक्षा वादळापूर्वीच व्हावयास हवी.