मोटरहोमचा मुक्काम: न्यूझीलंडची रीत

२०११ साली न्यूझीलंडमध्ये रग्बीचा विश्वचषक भरला. मोटरहोम, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, घेऊन हिंडणारे पाहुणे समुद्रकाठी, तळ्याकाठी जागा दिसेल तिथे रात्र काढणार, हे ओळखून सरकारने त्याच वर्षी ‘फ्रीडम कॅम्पिंग’चा, म्हणजे अशा मोकळ्या मुक्कामाचा, कायदा केला. सरसकट बंदी त्याने घातली नाही, हा त्याचा मोठा गुण.

खरा वाद होता संडासाचा.

आधी गाडीत उचलून ठेवण्याजोगा सुटा संडास असला तरी भागायचं. तो वापरायचा कंटाळा केला की घाण झुडपांमागे, आणि मनस्ताप गावकऱ्यांना! २०२३च्या सुधारणेने पक्का बसवलेला संडास सक्तीचा केला. बिछाना अंथरलेला असतानाही तो वापरता आला पाहिजे, इतकं बारीक कलम त्यात आहे. पाणी आणि सांडपाण्याची टाकी तीन दिवस पुरायला हवी. तपासणीत पास झालेल्या गाडीला हिरवं कार्ड मिळतं.

बाकीची रीत साधी. मनाईची पाटी आधी वाचायची, टाकी सांडपाण्यासाठी ठरलेल्या जागी, म्हणजे डंप स्टेशनवरच, रिकामी करायची, रात्री जनरेटर बंद ठेवायचा, कचरा सोबत न्यायचा. तिथे भाड्याने गाडी घेणाऱ्या मराठी पर्यटकांनी चावी हातात घेण्याआधी ते हिरवं कार्ड जरूर पाहावं; नियम मोडला तर दंड होतो.