तबकडीचे मुखपृष्ठ आणि वाजवणाऱ्याचे नाव



भाषेच्या व्यासपीठावर जाझच्या जुन्या तबकड्यांचे काय काम, असे काहींना वाटले असेल. पण तबकडी हातात आली की आपण ती ऐकण्याआधी वाचतो. पुढे नाव, मागे टिपण, वादकांची यादी. या वाचनाविषयीच मला आज बोलायचे आहे. आणि जाझ तर गोव्याला परका नाहीच. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली आपली मुले मुंबईच्या हॉटेलांत ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवत होती. ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ हळदोण्याचे. त्यांच्याकडे मी शेवटी येईन. आधी न्यूयॉर्कला जाऊ.

‘ब्लू नोट’ ही कंपनी तिथे १९३९ साली सुरू झाली. तिचा प्राण होता आल्फ्रेड लायन, मूळचा बर्लिनचा. त्याचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ हा छायाचित्रकार. हे दोघे ज्यू. वुल्फ नाझी राजवटीतून निसटून त्याच वर्षाच्या अखेरीस न्यूयॉर्कला पोहोचला. पैसा बेताचाच होता. तरी ध्वनिमुद्रणाआधीच्या तालमींचेही पैसे लायन वादकांना देत असे. तालीम आणि ध्वनिमुद्रण चालू असताना वुल्फ कोपऱ्यात उभा राहून फोटो काढी. ध्वनिमुद्रण करणारा रुडी व्हॅन गेल्डर दिवसा लोकांचे डोळे तपासत असे आणि न्यू जर्सीतल्या आईवडिलांच्या घरी, दिवाणखान्यात, ही मंडळी जमत.

१९५६च्या सुमारास रीड माइल्स हा मांडणीकार आला आणि पुढच्या दहाएक वर्षांत त्याने जवळजवळ पाचशे मुखपृष्ठे केली. गंमत अशी, की त्याला जाझची फारशी आवड नव्हती. तो पाश्चात्त्य अभिजात संगीताचा चाहता. लायन त्याला तबकडीचे नाव आणि वाजवण्याचा रंग सांगे, वुल्फचे फोटो पुढ्यात ठेवी. छपाईचा खर्च आटोक्यात ठेवायचा, म्हणून बरेचदा काळा आणि जोडीला एखादाच रंग. या अडचणीतून एक शैली जन्माला आली. फोटो निर्दयपणे कापायचा, उरलेली जागा मोकळी सोडायची आणि अक्षरांनाच चित्राचे काम द्यायचे.

आता माझी मते सांगतो. ती चाहत्याची मते आहेत, समीक्षकाची नव्हेत.

माझ्या मते पहिला मान ‘ब्लू ट्रेन’चा. जॉन कोल्ट्रेनने ‘ब्लू नोट’साठी स्वतःच्या नावाने केलेली ही एकमेव तबकडी, १५ सप्टेंबर १९५७ची. मुखपृष्ठावर निळ्या छटेत कोल्ट्रेन आहे, पण तो वाजवत नाही. मान खाली घालून विचारात बुडाला आहे. शीर्षकाच्या रचनेतला पहिला आलाप ऐकला की हे चित्र किती नेमके आहे ते कळते. या मंडळींनी तालीम केली आहे, हे सुरांत ऐकू येते. ट्रम्पेटवरचा ली मॉर्गन तेव्हा १९ वर्षांचा होता, पण वाजवण्यात पोरपण नाही.

दुसरे, जॅकी मॅक्लीनचे ‘इट्स टाइम’. पानभर उद्गारचिन्हेच उद्गारचिन्हे, वादकाचा फोटो मात्र कोपऱ्यात लहानसा. फ्रेडी हबर्डच्या ‘हब-टोन्स’वर नुसत्या उभ्या पट्ट्यांची ओळ आहे आणि त्यातली एकच खाली सरकलेली. कुणी सूर दाबला आहे, एवढेच कळते. विरामचिन्ह आणि रेघ यांच्याकडून इतके बोलून घेणारा माणूस भाषेच्या लोकांना आपलाच वाटावा.

तिसरे, एरिक डॉल्फीचे ‘आउट टू लंच’. दुकानाच्या दारावरची, ‘परत येतो’ सांगणारी पाटी. तिच्यावर घड्याळ, आणि त्या घड्याळाला काटे सात. आतला तालही तसाच, सरळ मोजू न देणारा. ध्वनिमुद्रण फेब्रुवारी १९६४चे. त्याच वर्षी २९ जूनला डॉल्फी बर्लिनमध्ये वारला, म्हणजे लायन आणि वुल्फ जे शहर सोडून आले त्याच शहरात. तबकडी बाजारात आली ती त्यानंतर. पाटीवर परत येण्याचा शब्द होता. चित्र विनोदाने काढले होते. ते आता हसून पाहता येत नाही.

आणि चौथे, ज्यावरून माझे मित्रांशी वाद होतात, ते सनी क्लार्कचे १९५८चे ‘कूल स्ट्रटिन’. न्यूयॉर्कच्या फुटपाथवरून ऐटीत चालणाऱ्या स्त्रीचे फक्त पाय. मांडणी म्हणून बोट ठेवायला जागा नाही. रमतगमत चालणारी पहिली रचनाही त्या पायांच्याच लयीत आहे. तरी मी हे मुखपृष्ठ पहिल्या क्रमांकावर ठेवत नाही. क्लार्क १९६३ साली, वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षी गेला. हयातीत अमेरिकेत त्याच्या तबकड्या फारशा खपल्या नाहीत. पुढे जपानी रसिकांनी त्याला डोक्यावर घेतले. आज ते पाय भिंतींवर लागतात, पण पियानोवरच्या त्या माणसाचा चेहरा कितीजणांना ओळखता येईल?

चेहऱ्याचा हा आग्रह कशासाठी, तेही सांगतो. त्या काळी कृष्णवर्णीय वादकाच्या तबकडीवर गोऱ्या मॉडेलचे चित्र छापण्याची रीत मोठ्या कंपन्यांत होती. १९५७ साली ‘कोलंबिया’ने माइल्स डेव्हिसच्या ‘माइल्स अहेड’वर शिडाच्या होडीतली गोरी तरुणी छापली. डेव्हिसने हरकत घेतली, तेव्हा पुढे त्याचा स्वतःचा फोटो आला. अशा काळात बर्लिनहून परागंदा झालेली दोन माणसे घामाने डबडबलेले, विचारात हरवलेले कृष्णवर्णीय चेहरे पानभर छापत होती आणि मलपृष्ठावर कोण काय वाजवतो आहे ते नावानिशी देत होती. माझ्या लेखी ‘ब्लू नोट’चे मोठेपण आधी यात आहे. देखणेपण त्यानंतर.

आता आपल्याकडे येतो. त्याच वर्षांत मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात गोव्याचे वादक आणि संयोजक राबत होते. सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट, शंकर-जयकिशनांकडे सेबास्टियन डिसोझा. त्या गाण्यांच्या तबकड्या आपण घरोघरी जपल्या. त्यांवर नटनट्यांचे चेहरे आहेत, गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे आहेत. वाद्यमेळ लिहिणाऱ्याचे नाव क्वचित, वाजवणाऱ्याचे तर जवळजवळ नाहीच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे नाव ‘अमर अकबर अँथनी’मुळे १९७७ साली देशभर झाले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला केलेले ते वंदन. पण लोकांना त्या नावाचा पडद्यावरचा नायक ठाऊक झाला. व्हायोलिन घेतलेला माणूस ठाऊक झाला नाही.

मुखपृष्ठ हे सजावटीचे काम आहे, असे आपण समजतो. मला ते साक्षीचे काम वाटते: हे अमुक माणसांनी, अमुक दिवशी केले, याची साक्ष. जुनी गाणी आज नव्या संचांत पुन्हा निघत आहेत. पुष्कळ वादक काळाआड गेले. पण काहींच्या घरी हस्तलिखित स्वरलिपीच्या वह्या आहेत, फोटो आहेत, कोणत्या गाण्यात कोण वाजवले हे सांगणारी माणसे अजून आहेत. ती नावे मराठीत, कोकणीत लिहून काढणे हे भाषेच्या संस्थेचेच काम आहे. अकादमीने ते हाती घ्यावे, एवढी विनंती करतो आणि थांबतो.