तलाव आणि गाव



भंडारा-गोंदियाचा प्रदेश हा तलावांचा प्रदेश होय. कोहळी समाजाने जमिनीचा उतार पारखून मातीच्या पाळी घातल्या. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगितले जाते. या पाण्यावर धान व ऊस पिकला, ढिवरांची मासेमारी चालली. पाळीची डागडुजी आणि गाळ काढणे ही गावाची नित्याची कामे होती. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली व तलाव शासनाकडे गेले. पुढे गावाचे लक्ष पाळीवरून उडाले व अनेक तलाव गाळाने उथळ झाले. पाणी कसे वाटले जाई, हे आज गावातील वृद्धांनाच ठाऊक आहे. विद्यार्थ्यांना पाळीवर न्यावे, वृद्धांस प्रश्न विचारू द्यावेत व उत्तरे वहीत उतरवून घ्यावीत. वृद्धांमागे ही विद्या लोपू नये.