नोटीस कुणाच्या नावाने येते?

(बीड जिल्ह्यातील महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या जिल्ह्यात भूसंपादन नवं नाही. सिंदफणेवर माजलगावचं धरण झालं, धुळे-सोलापूर महामार्ग रुंदावला, अहमदनगर-बीड-परळी ही २६१ किलोमीटरची रेल्वे निघाली. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडला गाडी आली, आपल्यालाही आनंद झाला. पण रुळाखाली जमीन कुणाची गेली आणि मावेजा कुणाच्या हातात पडला, हे विचारायलाच हवं.

महामार्गालगतच्या एका गावातली बाई माझ्याकडे आली. नवरा वारलेला, दोन एकराचा तुकडा ती स्वतः कसत होती. शेतात मोजणीचे दगड रोवले गेले तेव्हा तिला कळलं. नोटीस आली होती मेलेल्या सासऱ्याच्या नावाने आणि ती घेतली होती दिराने. ती म्हणाली, "ताई, कसते मी, मग मला कुणीच कसं विचारलं नाही?"

उत्तर साधं आहे. सातबारावर तिचं नाव नव्हतं, म्हणून सरकारच्या लेखी ती नव्हतीच.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. पण ३००-अ कलम सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. हिमाचल प्रदेशातल्या विद्यादेवी या निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी संपादन न करताच घेतली गेली. पुढे सरकार म्हणालं, इतकी वर्षं ताबा आमचा, म्हणून मालकीही आमची. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा दावा फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. २०२४ च्या एका निकालात याच न्यायालयाने नोटीस मिळणं, म्हणणं ऐकून घेतलं जाणं, कारणांसह निर्णय आणि योग्य मोबदला हे मालकाचे हक्क म्हणून मोजून सांगितले.

पण हे हक्क मुदतीत बजावावे लागतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात हरकतीला ६० दिवस आहेत, महामार्गाच्या कायद्यात फक्त २१. नोटीस दिराच्या खिशात राहिली तर २१ दिवस कधी सरले तेही बाईला कळत नाही.

२०१३ च्या कायद्यात विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता स्त्रीला स्वतंत्र कुटुंब मानलं आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला. तरी लेकीकडून हक्कसोडपत्र घेतलं जातं, बहुधा मावेजा जाहीर व्हायच्या आधीच.

त्या बाईचं काय झालं? हरकतीची मुदत गेली ती गेलीच. पण पैसे वाटण्यापूर्वी आम्ही वाटपाबद्दल वाद असल्याचा अर्ज दिला. प्रकरण दिवाणी न्यायालयात गेलं. निकाल अजून नाही, पण तिच्या वाट्याचे पैसे दुसऱ्याने उचललेले नाहीत.

तेव्हा गावात परत गेल्यावर तीन कामं करा. प्रत्येक विधवेचा वारस फेरफार झाला का, ते तलाठ्याकडे पाहा. मोजणीवाले आले की कुठल्या कायद्याखाली आले ते विचारा, तारीख लिहून ठेवा. आणि कुठल्याही कागदावर वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका, समोर सख्खा भाऊ असला तरी.

रस्ता होऊ नये असं आपण म्हणत नाही. ज्या बाईच्या शेतातून तो जाणार, तिला आधी विचारा, एवढंच आपलं म्हणणं आहे.